यॉटवरच्या नोकरीची जाहिरात छापताना लायसन्स नंबर तर मागा नं!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या करिअरच्या पानावर लक्झरी यॉटवरच्या नोकऱ्यांबद्दल अर्धं पान मजकूर होता. वरती पांढरी बोट, खाली 'फिरा जगभर, कमवा युरोत'. मजकूर खोटा नव्हता, एकेक वाक्य तसं बरोबरच होतं, पण चार पानं उलटली की त्याच अंकात छोट्या जाहिरातींमध्ये 'क्रूझ-यॉटवर भरती, दहावी पास, अनुभवाची गरज नाही, शंभर टक्के प्लेसमेंट' आणि पुढे नुसता एक मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, लायसन्स नंबर तर लांबच राहिला. आता पेपर घरात येतो तो अख्खा येतो नं, वरचं पान वाचून पोट्ट्याचं डोकं फिरते आणि खालचा नंबर लावल्या जाते. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण जाहिरातीबद्दलचं कापू नका.

मी ऐकीव बोलत नाहीये. नागपुरातच हॉटेल मॅनेजमेंट केलं, आधी क्रूझवर हाउसकीपिंगमध्ये होते, मग यॉटवर ज्युनियर स्ट्यू म्हणून लागले, लग्नानंतरही काही सीझन केले आणि चीफ स्ट्यू असताना सोडलं. स्ट्यू म्हणजे स्ट्युअर्डेस, बोटीच्या आतलं सगळं बघणारी. नागपूरची पोरगी समुद्रावर कशी गेली हे अजूनही लग्नाकार्यात कोणी ना कोणी काकू विचारतातच. नौदलाच्या तारिणी या शिडाच्या बोटीवर २०१७-१८ मध्ये सहा जणी जगाला चक्कर मारून आल्या, २५४ दिवसांत, त्यांची कॅप्टन वर्तिका जोशी उत्तराखंडची आणि बरोबरची विजया देवी मणिपूरची, तिथे कुठे आला समुद्र. आपल्याला तर आता समृद्धीने ७०१ किलोमीटर गेलं की मुंबईचं दार आहे. अडचण अंतराची नाही, कोण काय सांगून राहिलं आणि त्याचे किती पैसे घेऊन राहिलं याची आहे.

आमच्या लाइनीतल्या एका घरची गोष्ट सांगते, नाव-गाव सोडून. मुलगा बीकॉम, पोहायला चांगला, तब्येतीने धडधाकट. सीताबर्डीवर एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार झाला, टाय घातलेल्या माणसाने पडद्यावर मोनॅकोचे फोटो दाखवले, शेवटी 'आज रजिस्टर करणाऱ्याला पन्नास हजार सूट'. घरच्यांनी साडेतीन लाख भरले, त्यातले काही वडिलांच्या सोसायटीचं कर्ज काढून. ऑफर लेटर आलं ते फुकटातल्या ईमेलवरून, त्यावर बोटीचं नाव होतं पण बोट कुठल्या देशाच्या झेंड्याखाली आहे, म्हणजे कुठे नोंदलेली आहे, मालक कोण, पगार कोण देणार काहीच नव्हतं. व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवलं, एका खोलीत आठ-दहा पोरं, आणि शेवटी खाडीत जेवणाच्या फेऱ्या मारणाऱ्या एका होडीवर झाडू-पोछा. तोही कागदावर नाही. पोरगा सुखरूप परत आला म्हणून घरचे देवाला नारळ फोडून मोकळे झाले, पोलिसांत जायला तयार नाहीत, कारण लोक काय म्हणतील. ज्याने पैसे घेतले त्याचा नंबर बंद आहे, पण तशाच भाषेतली जाहिरात वेगळ्या नंबराने सुरू आहे.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की हे साडेतीन लाख घेणंच मुळात बेकायदा होतं. बहुतेकांना हे माहीतच नाही, सुशिक्षित घरांतसुद्धा. आपल्या देशात जहाजावर माणूस पाठवायचा तर एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचं, लायसन्स लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात, २००५ च्या नियमांपासून हे आहे. आणि आंतरराष्ट्रीय कायदा आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, सगळे एमएलसी म्हणतात, तो २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यात सरळ लिहिलंय की नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत, आडून पण नाही आणि सरळ पण नाही. खलाशाने स्वतःच्या खिशातून काय भरायचं तर मेडिकल, सीमन बुक म्हणजे खलाशाची सरकारी नोंदपुस्तिका, आणि पासपोर्ट. व्हिसाचा खर्चसुद्धा त्याच्यावर टाकता येत नाही. आरपीएसएल असलेल्या कंपन्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते, दोन मिनिटांचं काम आहे. मी तुमच्या जाहिरातीतला नंबर लावून बघितला बरं का, गोड बोलत होता, 'मॅडम मुलगा आहे का मुलगी', लायसन्स नंबर सांगा म्हटलं तर म्हणते 'ते ऑफिसला आल्यावर', ऑफिस कुठे तर 'आधी टोकन पाठवा'. ठेवला मी फोन.

आता कोर्सचे पैसे वेगळे आणि नोकरीचे वेगळे, ही गल्लत एजंट मुद्दाम करतात. कोर्सला पैसे लागतातच, ते इन्स्टिट्यूटला भरा, पावती घ्या, प्रमाणपत्र घ्या. समुद्रावर पाय ठेवायचा तर एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, बेसिक सेफ्टी कोर्स लागतात, यॉट असो की तेलाचा टँकर. पाण्यात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार, बोटीवर वागायचं कसं, आणि वर सिक्युरिटीचा एक. उंचावरून लाइफजॅकेट घालून पाण्यात उडी मारायची, उलटा पडलेला राफ्ट सरळ करायचा, धुराने भरलेल्या खोलीत पाइप घेऊन शिरायचं, हे सगळं खरोखर करून घेतात. यातले पाण्याचा आणि आगीचा हे दोन दर पाच वर्षांनी रिफ्रेश करावे लागतात. आपल्याकडे हे सगळे मिळून काही हजारांत होतात, लाखांत नाही. सेमिनारवाला याच कोर्सला 'यॉट डिप्लोमा' असं नाव देऊन विकतो.

आणि माझं ऐकाल तर कोर्सच्याही आधी मेडिकल. यॉटवाले बहुतेक ब्रिटनच्या एमसीएचं, म्हणजे तिथल्या सागरी खात्याचं, मेडिकल मागतात, ईएनजी वन म्हणतात त्याला, ते एमसीएने नेमलेल्या डॉक्टरकडूनच होतं, जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. डेकवर, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कामावर, जायचं तर त्यात रंग ओळखायची परीक्षा असते, कारण रात्री समोरच्या बोटीचा लाल दिवा आणि हिरवा दिवा तुम्हाला वेगळा दिसला पाहिजे. कित्येक पोरांना विसाव्या वर्षापर्यंत माहीतच नसतं की आपल्याला लाल-हिरव्यात गोंधळ आहे. सगळे कोर्स करून, पैसे भरून, मग हे कळलं तर? डेकचं दार बंद, आतलं काम करता येतं पण ते त्याला करायचं असेल तर. म्हणून पहिले डोळे तपासा.

बरं, नोकरी असते कशी हे लेखात दोन ओळींत उरकलं होतं, म्हणजे 'आव्हानात्मक पण आनंददायी' वगैरे. मी सांगते. साधारण २४ मीटरच्या वरची बोट म्हणजे मोठी यॉट. भाड्याने देणारी असली तरी पाहुणे बारापेक्षा जास्त घेता येत नाहीत, जास्त घेतले तर प्रवासी जहाजाचे नियम लागू होतात, त्यामुळे पन्नास मीटरची अवाढव्य बोट असते आणि त्यावर पाहुणे बारा आणि क्रूसुद्धा जवळजवळ तेवढाच. क्रूझशी तुलनाच नको. क्रूझवर हजारो लोक, तुमचं काम ठरलेलं, बारा-पंधरा केबिन साफ केल्या की झालं. यॉटवर पाहुण्याला लिंबू कोणत्या बाजूने कापलेलं आवडतं हे लिहून ठेवलेलं असतं. चार्टरच्या, म्हणजे भाड्याच्या फेरीच्या, आधी प्रेफरन्स शीट येते, कोणाला कशाची ॲलर्जी, उशी कोणती, मुलांना झोपताना काय लागतं, सगळं. आणि ते पाठ करायचं, कागद हातात घेऊन फिरता येत नाही.

आतलं काम म्हणजे डिटेलिंग. कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि टूथब्रश घेऊन नळाच्या खाचा, खिडकीच्या रबराच्या फटी, स्विचच्या कडा. पाहुणा बाथरूममधून बाहेर पडला की आपण आत, टॉवेल बदला, आरशावरचे, स्टीलवरचे बोटांचे ठसे पुसा, टिश्यूचं टोक दुमडा, तो परत यायच्या आत बाहेर. चादर पलंगावर घातल्यावर परत इस्त्री. माझ्या आईला वाटायचं पोरगी मोठ्या जहाजावर साहेबीण आहे, सुटीत घरी आल्यावर मी फ्रीजच्या दाराचं रबर काडीने साफ करायला बसले तेव्हा तिला अंदाज आला. डेकवर पोरं सकाळी उठून अख्खी बोट गोड्या पाण्याने धुतात, मग शॅमीने, म्हणजे पाणी शोषणाऱ्या मऊ फडक्याने, एकेक थेंब पुसून काढतात कारण खारं पाणी सुकलं की डाग पडतो, आणि सागवानाचा डेक घासायचा तर रेषांना आडवा घासायचा, सरळ घासला की लाकूड खाल्लं जातं, हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि जो विसरतो त्याचं काही खरं नसतं. वर दोऱ्या, बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे फेंडर, टेंडर म्हणजे ने-आण करणारी छोटी बोट चालवणं, पाहुण्यांना जेट-स्कीवर सांभाळणं, रात्री नांगरावर पहारा.

तासांचं सांगायचं तर नियमाने चोवीस तासांत दहा तास विश्रांती आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास मिळालीच पाहिजे, ती पण दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडता येत नाही आणि एक तुकडा सहा तासांचा हवा. याचा उलटा अर्थ लावा, चौदा तास काम कायद्यात बसतं. आणि चार्टरच्या गर्दीत विश्रांतीच्या तक्त्यात जे लिहिलेलं असतं आणि जे झालेलं असतं ते दरवेळी सारखं नसतं, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. वर झोपायला दोघींत एक केबिन, बंकवर, सामान ठेवायला एक खण. ज्याला स्वतःची खोली लागते, जो आठवड्याला घरच्या कार्यक्रमाला आलाच पाहिजे, त्याने जाऊच नये. माझ्या चुलत बहिणीचं लग्न मी फोनवर बघितलं.

पैसे मात्र आहेत, ते नाकारत नाही. नव्या डेकहँडला किंवा स्ट्यूला महिन्याला दोन ते तीन हजार युरोच्या दरम्यान मिळतात, राहणं, खाणं, कपडे बोटीचे, खर्चायला वेळच नाही, म्हणजे पगार जवळजवळ पूर्ण वाचतो. चार्टर असेल तर टिप, भूमध्य समुद्रात ती भाड्याच्या पाच ते पंधरा टक्के धरतात आणि बहुतेक बोटींवर कॅप्टनपासून नव्या पोरापर्यंत सारखी वाटतात. मोठ्या बोटीचं आठवड्याचं भाडं लाख-दोन लाख युरोच्या वर असतं, हिशोब तुम्हीच करा. पण चार्टर मिळेलच असं नाही, मालकाची खासगी बोट असली तर टिप नाहीच. आणि पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, सीझन संपला की काही जणांना सरळ निरोप. जाहिरातीत 'महिना दोन लाख' छापतात, बारा महिने मिळतील का हे कोण छापणार.

आता करिअर म्हणाल तर, इथे मला थोडं जास्त बोलायचंय, कारण लेखात डेक आणि इंटीरियर एकाच पारड्यात टाकले होते. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डेकच्या पोराचा प्रत्येक दिवस मोजला जातो. तो डेकहँड म्हणून लागतो, मग बोसन म्हणजे डेकच्या पोरांचा मुकादम, मग मेट म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, मग कॅप्टन, आणि प्रत्येक पायरीला कायद्याने मान्य असलेला कागद आहे. आधी यॉटमास्टरचं प्रमाणपत्र करतात, पुढे तीन हजार टनापर्यंतच्या यॉटवर ऑफिसर ऑफ द वॉच, म्हणजे पाळीत बोट सांभाळणारा अधिकारी, व्हायचं तर छत्तीस महिने बोटीवरची सेवा लागते, त्यातले ३६५ दिवस सी सर्व्हिसचे, म्हणजे समुद्रावरची सेवा म्हणून मोजले जाणारे. म्हणून बोट सोडताना कॅप्टनकडून सी सर्व्हिसचा दाखला सहीशिक्क्याने घ्यायचा असतो, तो राहिला तर केलेलं वर्ष गेलं. इंजिनच्या बाजूला तर याहून बरं, तिथे माणसं कमी आणि मागणी जास्त, आपल्याकडच्या मर्चंट नेव्हीतून आलेले इंजिनियर मोठ्या यॉटवर गेलेले मी बघितलेत, कॅप्टन त्यांच्याशी जरा जपूनच बोलतो.

इंटीरियरला असा कागदच नाही. ज्युनियर, सेकंड, चीफ, फार तर पर्सर. गेस्ट नावाचा प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे, वाइन, सिल्व्हर सर्व्हिस, फुलं मांडणं याचे कोर्स आहेत, ते केलेले चांगले, पण कुठल्याही कायद्यात असं नाही की हे असल्याशिवाय चीफ स्ट्यू होता येत नाही. तुमचं भांडवल काय तर रेफरन्स, म्हणजे आधीच्या कॅप्टनने आणि चीफने तुमच्याबद्दल काय सांगितलं ते. त्यामुळे ज्यांच्याशी पटलं नाही त्यांच्यावर सगळं अडतं. कॅप्टन विचित्र वागला, दारू पिऊन केबिनचं दार वाजवलं, तर मुलगी तक्रार करावी की रेफरन्स सांभाळावा यात अडकते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्या मुली डोकेबाज आहेत, शिस्तीच्या आहेत, माझं सरळ मत आहे की जमत असेल तर त्यांनी डेक नाहीतर इंजिन धरावं. आई-बापांना मात्र इंटीरियर 'बायकांचं काम' म्हणून सुरक्षित वाटते. उलटं आहे हो सगळं.

शेफची गोष्ट पुन्हा न्यारी. चांगला शेफ असला की मालक दुसरं काही बघत नाही, आणि वेळेवर क्रूलाही पोटभर घालणारा असला की अख्खी बोट त्याच्या बाजूने. एकदा क्रूसाठी मी सावजीचा रस्सा केला होता, आपला तिखट नाही, निम्मा. स्कॉटिश इंजिनियर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी परत कधी करते म्हणून विचारायला आला.

व्हिसाचं लेखात एक अक्षर नव्हतं आणि खरी मेख तिथेच आहे. गोऱ्या देशांतली पोरं काय करतात, सीझनच्या आधी फ्रान्सच्या अँटिब नाहीतर स्पेनच्या पाल्मा बंदराला जाऊन राहतात, सकाळी सीव्हीचे कागद घेऊन धक्क्यावर बोटीबोटीला जाऊन काम विचारतात, त्याला डॉकवॉकिंग म्हणतात, एक दिवसाची मजुरी मिळाली तर तिथूनच पक्की नोकरी लागते. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो, तो पर्यटनाचा काढला तर त्यावर काम शोधणं बसत नाही, पकडलं तर पुढचे व्हिसे पण गेले. अमेरिकेच्या पाण्यात जाणाऱ्या यॉटवर बी-वन बी-टू नावाचा अमेरिकन व्हिसा मागतात, क्रूझवाल्यांचा सी-वन डी व्हिसा वेगळा. म्हणून भारतीय पासपोर्टवाल्याने तिकडे जाऊन नशीब आजमावण्यापेक्षा इथूनच अनुभव बांधत जावं असं मला वाटते. मर्चंट नेव्ही, क्रूझ, आखातातल्या बोटी, मालदीवमधले रिसॉर्ट, चांगलं पंचतारांकित हॉटेल, यांतून दोन-तीन वर्षं काढून मग लायसन्सवाल्या कंपनीमार्फत. हळू वाटतं, पण मी अशीच गेले आणि माझ्याबरोबरचे जे टिकले ते असेच गेलेले होते.

आणि सही करायच्या आधी करारनामा वाचा, इंग्रजी जड वाटत असेल तर वकिलाला दाखवा, हजार रुपये घेईल. बोट कोणत्या झेंड्याची, खासगी की व्यावसायिक, पगार कोण देणार, आजारी पडलात तर कोण बघणार, घरी परतीचं तिकीट कोणाचं. एमएलसी व्यावसायिक यॉटला लागतो, निव्वळ मालकाच्या मौजेसाठी असलेल्या बोटीला लागेलच असं नाही, आणि बोट जितकी दिमाखदार तितके पैसे पक्के हा तर निव्वळ भ्रम आहे. विजय मल्ल्यांची म्हणून ओळखली जाणारी इंडियन एम्प्रेस आठवते का, ९५ मीटरची. मार्च २०१८ मध्ये माल्टाला ती अडकवून ठेवली, कारण चाळीसच्या वर क्रूचे पगार २०१७ च्या सप्टेंबरपासून थकले होते, सगळे मिळून दहा लाख डॉलरच्या वर. त्यात ब्रिटिश होते, पूर्व युरोपातले होते आणि आपले भारतीय पण होते. त्यांच्या मागे नॉटिलस ही युनियन उभी राहिली, आणि जानेवारी २०१७ पासून एमएलसीत आलेल्या नियमामुळे, म्हणजे मालकाने हात वर केले तरी चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची हमी विम्याने द्यायची, त्यांना काही रक्कम आधीच मिळाली. बोट नंतर लिलावात गेली. आता विचार करा, कागदावर असलेल्या माणसांना इतकं झगडावं लागलं तर व्हिजिट व्हिसावर गेलेल्या आपल्या पोराला कोणी विचारलं असतं का. वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांमध्ये २०२४ साली भारतीय सगळ्यात जास्त होते असं आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने म्हटलंय. हे लेखात यायला नको का?

जिवाचा धोका म्हणाल तर रोजचा नाही, पण आहे. २०२४ च्या १९ ऑगस्टला सिसिलीजवळ पोर्तिचेल्लोला बेझियन ही ५६ मीटरची शिडाची यॉट नांगरावर उभी असताना पहाटेच्या वादळात बुडाली. बावीस जण होते, सात गेले, त्यात बोटीचा आचारीही होता. म्हणून मी वर त्या सेफ्टी कोर्सबद्दल इतकं लिहिलं, तो कागदापुरता करायचा नसतो.

गंमत म्हणजे या सगळ्याला लागणारी तयारी नागपुरात बरीच होऊ शकते. आग विझवणं शिकवणारं देशातलं नावाजलेलं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आपल्या गावात आहे. नेव्हल एनसीसीचं युनिट आहे, कॉलेजच्या पोरांना तिथे बोट वल्हवायला मिळते, गाठी बांधायला शिकवतात, आणि किती जण जातात, कारण मार्क नाहीत त्याला. पोहण्याचे तलाव आहेत, उन्हाळ्यात तर पंचेचाळीस डिग्रीत पोट्टे तिथून निघत नाहीत, त्याच पोट्ट्यांना जरा रीतसर शिकवा. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजांनी दुसऱ्या वर्षाला एक तास समुद्रावरच्या नोकऱ्यांना द्यावा आणि त्यात आरपीएसएल कसं तपासायचं हे लॅपटॉप उघडून दाखवावं, बाहेरचा पाहुणा बोलवायची पण गरज नाही.

तुमच्याकडून मला काय पाहिजे ते आता सरळ लिहिते. जहाज, क्रूझ, यॉट यातला कुठलाही शब्द असलेली नोकरीची जाहिरात आली की काउंटरवरच्या माणसाने आरपीएसएल नंबर मागावा, तो वेबसाइटवर जुळतो का बघावं आणि जाहिरातीतच छापावा. नसेल तर जाहिरात घेऊ नये. हजार-पंधराशेची जाहिरात बुडेल, बुडू द्या. 'जाहिरातीतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही बारीक ओळ तुम्ही खाली टाकता ते मला माहीत आहे, ती ओळ साडेतीन लाख भरणाऱ्याच्या घरी कोणी वाचत नाही. आणि करिअरच्या पानावर परत या विषयावर लिहाल तेव्हा फोटो थोडा लहान करा आणि तेवढ्या जागेत मेडिकल आधी की कोर्स आधी, पैसे कशाचे भरायचे आणि कशाचे नाही, एवढं तरी छापा.

माझं नाव छापू नका ही विनंती. मागे एका शाळेच्या कार्यक्रमात दहा मिनिटं या विषयावर बोलले तर पुढचे कितीतरी दिवस फोन, 'ताई, आमच्या पोराला तेवढं लावून द्या नं, काय लागते ते देऊ'. मी कोणाला लावून देत नाही. माझ्याकडे लायसन्स नाही.

आपली,
एक नियमित वाचक
प्रतापनगर, नागपूर